माणशी १३ कोटी ३३ लाख

मार्चचा तिसरा आठवडा लागला की आमच्याकडचे बँक मॅनेजर एकाएकी प्रेमळ होतात. एरवी काचेच्या केबिनमधून मान वर न करणारा माणूस स्वतः उठून दारापर्यंत येतो, "या, बसा" म्हणतो, चहा सांगतो. नवखा शेतकरी हरखून जातो. मुरलेला शेतकरी खिशातलं पासबुक चाचपून पाहतो. चहा अर्धा झाला की साहेब विषयाला हात घालतात. "काका, तेवढं थकलेलं भरून टाकता का? एकतीसच्या आत." आणि ज्याची थकबाकी नाही, उलट कापसाचे पैसे आलेले आहेत, त्याला वेगळंच साकडं : "एवढे राहू द्या ना खात्यात. दोन तारखेला काढून न्या पाहिजे तर, मी स्वतः मोजून देतो."

जिनिंगवाल्या शेठला तर घरी जाऊन भेटतात. शेठची रक्कम एका रात्रीपुरती मुक्कामाला येते, रात्रभर ठेव म्हणून मिरवते आणि वर्ष उलटलं की आल्या वाटेने परत जाते. तेवढ्या रात्रीत शाखेचं वय, रूप, कुळ सगळं बदलतं. माणसाची वर्षभराची नोकरी अशी एकाच रात्रीच्या आकड्यावर ठरत असेल तर तो त्या रात्री शेठच्या ओट्यावर जाऊन बसणारच. मला त्यात वावगं वाटत नाही. वावगं एवढंच, की वरचे लोक ती रात्र खरी धरतात.

हे 'वरचे लोक' म्हणजे रीजनल ऑफिस, त्याच्या वर झोन, त्याच्या वर हैदराबाद, आणि बँक मोठी असेल तर त्याही वर मुंबई. आमचं भीमपूर या सगळ्यांच्या खाली, नकाशात मात्र अगदी वर. आदिलाबाद हा तेलंगणाचा उत्तरेकडचा जिल्हा आणि भीमपूर मंडल त्याच्याही काठाला. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. हैदराबाद आदिलाबादपासून तीनशे किलोमीटर, म्हणजे साहेब सहसा येत नाहीत, व्हीसी येते. व्हिडिओ कॉन्फरन्सला आमच्याकडे व्हीसी म्हणतात. दुपारी चारला 'व्हीसी आहे' असं कळलं की शिपायासकट सगळ्यांचे चेहरे उतरतात. मराठवाड्यातून इथे येऊन वसलेला माणूस घरात मराठी बोलतो, शेजारी गोंडी ऐकतो, कचेरीत तेलुगू आणि बाजारात दख्खनी हिंदी. व्हीसीत ओरडा खाताना मात्र सगळे इंग्रजीत खातात.

बँकेची आमच्या भागाला जुनी ओळख आहे. निजामाच्या काळात १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक निघाली, तिची पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. म्हातारी माणसं अजून तिला 'हैदराबाद बँक'च म्हणतात. ग्रामीण बँकेची कथा आणखी मजेची. आदिलाबाद जिल्ह्याच्या ग्रामीण बँकेचं पहिलं नाव होतं श्री सरस्वती ग्रामीण बँक. बासरची ज्ञानसरस्वती तेव्हा आमच्याच जिल्ह्यात, म्हणून ते नाव. व्यवहार सगळा लक्ष्मीचा आणि पाटी सरस्वतीची. त्यामुळे शाखेत पैसे कमी आणि फॉर्म जास्त का, हा प्रश्न कधी पडला नाही. २००६ मध्ये तिची डेक्कन ग्रामीण बँक झाली, २०१४ मध्ये तेलंगणा ग्रामीण बँक, आणि १ जानेवारी २०२५ ला दुसऱ्या एका ग्रामीण बँकेच्या तेलंगणातल्या शाखा तिच्यात येऊन मिळाल्या. प्रत्येक बदलाला पाटी नवी आणि पासबुक नवं. बाकड्यावर बसलेली माणसं तीच.

मी पुढे जे सांगतो ते एका शाखेबद्दल. ती कोणत्या बँकेची ते विचारू नका. मला पुढल्या हंगामात तिथेच कर्जाला जायचं आहे.

मोजण्याच्या भानगडी आम्हाला नव्या नाहीत. आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापूस घेऊन गेलं की सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, माणूस यंत्राची सुई गाडीतल्या कापसात खुपसतो. ओलावा आठ टक्के निघाला तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर गेला तर कात्री, बाराच्या वर गेला तर गाडी वळवा. सगळा खेळ सुई कुठे खुपसली यावर. वरच्या थरात, जिथे दिवसभर ऊन लागलं, तिथे नऊ येतात; बुडाशी, जिथे पहाटेचं दव उतरलं, तिथे चौदा. कापूस तोच, गाडी तीच, मालकही तोच. शेतकरी म्हणतो इथे खुपसा, माणूस म्हणतो तिथे खुपसतो, आणि दोघंही यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवून भांडतात. बँकेच्या शाखेचंही हेच. फक्त तिथे सुई हैदराबादहून खुपसतात आणि शाखेला 'इथे खुपसा' म्हणायची सोय नाही.

आता सुया कोणकोणत्या ते पाहा. पहिली सगळ्यांची लाडकी : माणशी व्यवसाय. शाखेतल्या ठेवी अधिक कर्जं, भागिले कर्मचारी. समजा धंदा ४० कोटींचा आणि माणसं चार. मॅनेजर, एक ऑफिसर, एक कॅशियर, एक क्लार्क. माणशी १० कोटी. ठीकठाक, व्हीसीत नाव निघणार नाही एवढं. मग एके दिवशी क्लार्कची बदली निर्मलला होते आणि बदली माणूस येत नाही. त्या दिवसापासून रांग दाराबाहेर जाते, पासबुक छापणं बंद पडतं, ऑफिसर दुपारचा डबा संध्याकाळी उघडतो. आणि माणशी व्यवसाय? १३ कोटी ३३ लाख! एका बदलीत कार्यक्षमता एक तृतीयांशाने वाढली. कोणी एक ठेव आणली नाही, एक कर्ज दिलं नाही. कॅशियर रजेवर गेला तर शाखा देशात नावाजली जाईल. उरलेल्या दोघांनाही हलवलं तर भागाकार अनंतात जातो आणि मग बहुधा दिल्लीहून कोणीतरी सत्काराला येईल.

हे मी चेष्टेत म्हणतो असं वाटेल, पण या गणितावर विद्वानांनी आयुष्यं घातली आहेत. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी एक पद्धत काढली, डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस. पैसे मिळवणं हा ज्यांचा मुख्य उद्देश नाही अशा संस्था, म्हणजे शाळा वगैरे, कशा तोलायच्या हा त्यांचा मूळ प्रश्न. १९८५ साली शर्मन आणि गोल्ड या दोघांनी तीच तागडी अमेरिकेतल्या एका बचत बँकेच्या १४ शाखांना लावली. तेव्हापासून जगभरात शाखा तोलणारे लोक निघाले. आमच्याही देशातल्या विद्यापीठांत यावर प्रबंध पडतात. पद्धत तशी न्यायाची आहे. शाखेत काय घातलं — माणसं, भाडं, संगणक — आणि शाखेतून काय निघालं — ठेवी, कर्जं, व्यवहार — हे पाहायचं. मग तिच्यासारख्याच शाखा शोधायच्या आणि त्यांच्याशी ताडून तिला शून्य ते एकच्या मधला गुण द्यायचा. एक म्हणजे पूर्ण कार्यक्षम.

यात एक गंमत आहे ती मला एका प्राध्यापक भाच्याने सांगितली. एखादी शाखा इतकी जगावेगळी असेल की तिच्याशी ताडायला दुसरी सापडतच नाही, तर ती आपोआप एक गुण मिळवते. तुलनेला कोणी नाही, म्हणजे तिच्यापेक्षा चांगलंही कोणी नाही. मी त्याला म्हटलं, मग आमची शाखा घे. चार भाषा, एक पंखा. कर्जदार नदीच्या या तीरावर आणि त्याचा सासरा पलीकडच्या राज्यात. शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या शिवारात येतात. तशी बातमी आली की त्या आठवड्यात वसुलीच्या मोटारसायकली निघत नाहीत. वसुली का झाली नाही याचं कारण संगणकात यादीतूनच निवडावं लागतं आणि त्या यादीत दुष्काळ आहे, स्थलांतर आहे, मृत्यूही आहे, वाघ नाही. मग ऑफिसर 'इतर' निवडतो. वाघांची मोजणी करणारे कॅमेरे लावून एकेकाचे पट्टे जुळवून पाहतात, एकही 'इतर'मध्ये टाकत नाहीत. सांगायचं हे, की अशी शाखा जगात दुसरी नाही. भाचा म्हणाला, मग तिचा गुण एक. आम्ही दोघांनी पेढा खाल्ला. शाखेला अजून कळवलेलं नाही.

दुसरी सुई टार्गेटची. खाती किती उघडली, विमे किती विकले, पेन्शन योजनेत किती माणसं घातली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली तेव्हा एका आठवड्यात देशात १ कोटी ८० लाखांहून जास्त खाती उघडली आणि गिनेस बुकात नोंद झाली. आमच्याकडेही शाळेच्या पटांगणात टेबलं लागली होती. एकेका घरात तीन-तीन खाती झाली. एका घरात सासऱ्याने दोनदा अंगठा दिला, कारण दुसऱ्या टेबलावर रांग लहान होती. खाती उघडली, आता त्यात टाकायचं काय? दोन वर्षांनी वर प्रश्न विचारला जाऊ लागला की एवढी खाती शून्यावर का. त्यावरचा उपाय सप्टेंबर २०१६ मध्ये इंडियन एक्स्प्रेसने छापला : शून्य दिसू नये म्हणून बँकांमधल्याच माणसांनी कितीतरी खात्यांत एकेक रुपया भरला होता. किती सोपं! शून्याने भागता येत नाही, एकाने येतं.

त्याच सप्टेंबरात, त्याच आठवड्याच्या मागेपुढे, अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. तिथे एका ग्राहकाच्या गळ्यात आठ वस्तू मारायचं टार्गेट होतं. आठच का? तर इंग्रजीत 'एट'ला 'ग्रेट'चं यमक जुळतं म्हणून. टार्गेट पुरं करायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता वीस लाखांच्या आसपास खाती आणि कार्डं उघडली. पाच हजारांहून जास्त जणांच्या नोकऱ्या गेल्या. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की आपल्या लोकांबद्दल आदर वाढतो. अमेरिकन माणसाने ग्राहकाच्या खिशातून काढले. आमच्या क्लार्कने स्वतःच्या खिशातून घातले.

तो २०१६ चा पावसाळ्यानंतरचा काळ आमच्याकडे कोणी विसरणार नाही. सप्टेंबरात रुपयाची बातमी. ११ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, तेलंगणात दहाचे एकतीस जिल्हे झाले, जुन्या आदिलाबादचे चार तुकडे पडले आणि भीमपूर हे तांसीपासून वेगळं होऊन नवं मंडल झालं. फटाके उडाले. पुरता महिनाही झाला नव्हता, ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटबंदी. नव्या मंडलाने जगात येऊन पहिलं सार्वजनिक कार्य कोणतं केलं असेल तर रांगेत उभं राहण्याचं. ऐन कापूस वेचणीचा हंगाम, मजुराला द्यायला सुटे नाहीत, अडत्याकडे जुन्या नोटा. आणि शाखांचे आकडे? ठेवी अशा वाढल्या की बघत राहावं. ज्या मॅनेजरला आदल्या तिमाहीत 'डिपॉझिट मोबिलायझेशन'वरून झापलं होतं त्याच्या शाखेत लोक दारं ढकलून पैसे भरत होते. त्या तिमाहीत कोणाची कामगिरी वाईट होती म्हणता? रात्री अकरापर्यंत नोटा मोजून बोटं काळी झालेल्या कॅशियरची आणि नुसतं शटर उघडून बसलेल्याची, दोघांची टक्केवारी सारखीच.

विम्यांचं असंच. जीवनज्योती वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा २० रुपये. योजना वाईट नाहीत; नवरा गेल्यावर दोन लाख हातात पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण मे महिन्याच्या अखेरीला खात्यातून ४३६ गेले की शेजारचा माणूस पासबुक घेऊन धावत येतो. "साहेब, माझे पैसे कोणं नेले?" साहेब सांगतात, तुमचा विमा आहे. "मी कवा मागितला?" साहेब सही दाखवतात. सही त्याचीच असते. पीककर्जाच्या गठ्ठ्यात चौदावी किंवा सोळावी. माणूस जरा विचार करतो आणि म्हणतो, "मंग असू द्या. पण आता मेलो नाही तर पैसे परत भेटतील ना?" या प्रश्नाला आजवर कोणत्याही व्हीसीत उत्तर मिळालेलं नाही.

आता सगळ्यात जाड सुई : एनपीए. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज बुडीत खात्याकडे सरकतं, हा नियम २००४ पासून. पिकाच्या कर्जाला हंगामाची सवलत आहे : कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम. रिझर्व्ह बँकेला शेती कळते, यात शंका नाही. पण शेतीबरोबर निवडणूकही पिकते, हे कोणत्याही परिपत्रकात नाही. २०१८ च्या निवडणुकीत तेलंगणात एक लाखापर्यंत कर्जमाफीचं आश्वासन मिळालं. आश्वासन मिळालं म्हणजे भरणं थांबलं. जो भरतो तो मूर्ख, हे आमच्या पारावर एकमताने ठरलं. माफी टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं येत राहिली. तोवर शाखेचा एनपीए वाढतोय, मॅनेजर दारोदार फिरतोय, व्हीसीत त्याचं नाव पहिलं निघतंय. त्याची बदली झाली. पुढे २०२४ मध्ये दोन लाखांपर्यंतची माफी आली. जुलैच्या १८ तारखेला पहिला टप्पा, १५ ऑगस्टपर्यंत पुढचे दोन. महिन्याभरात शाखेची बाकी धुऊन निघाली. तेव्हा जे साहेब खुर्चीत होते ते नुकतेच रुजू झाले होते आणि त्यांना अजून वसुलीच्या गावांची नावं नीट म्हणता येत नव्हती. वसुलीत जोरदार सुधारणा! अभिनंदनाचं पत्र आलं असेल तर त्यांनी ते फ्रेम करून लावावं. आधीच्या साहेबांचे जोडे झिजले त्याची फ्रेम होत नाही.

माफी नसते त्या वर्षी 'नवं-जुनं' असतं. जुनं कर्ज व्याजासह भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचं व्याज सातावरून चार टक्क्यांवर येतं, म्हणून शेतकऱ्यालाही घाई आणि मार्च म्हणून साहेबांनाही. भरायला पैसे कुठे आहेत? ते सावकार देतो, दोन दिवसांपुरते. सकाळी तो पैसे घेऊन बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो. शेतकरी ते आत भरतो, नवं कर्ज उचलतो, बाहेर येऊन सावकाराला देतो, वर त्याची दोन दिवसांची दक्षिणा. तेच पैसे मग पुढच्या शेतकऱ्याच्या हाती. एका दिवसात एकच गड्डी काउंटरवरून किती वेळा गेली ते गड्डीलाच ठाऊक. शाखेच्या दप्तरात शंभर टक्के वसुली, शंभर टक्के वाटप. सरकारच्या दप्तरात सवलतीचं व्याज. टपरीवाल्याच्या दप्तरात मार्चमध्ये चहाचा विक्रमी खप. सावकाराला संपवण्यासाठी बँका गावात आल्या, असं १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापासून ऐकतो. सावकार संपलेला नाही. तो आता शाखेच्या कार्यक्षमतेत मोलाची भर घालतो, आणि तीही शाखेच्या पगारपत्रकावर न येता.

इथे मला माझी खरी तक्रार सांगून टाकायची आहे. या सगळ्या भागाकारांत छेदाच्या जागी बँकेचा खर्च आहे : पगार, भाडं, वीज. आमचा खर्च कुठेच नाही. आमच्याकडे शाखा तोलायचं माप वेगळं आहे आणि ते गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. माप म्हणजे खेप. एका कामाला किती खेपा? पासबुक छापायचं असेल तर एक, मशीन चालू असलं तर. केवायसीला दोन, पहिल्या खेपेला कळतं की आधारवर नाव वेगळं आहे. मोबाईल नंबर बदलायला तीन. मयत माणसाच्या खात्यातले पैसे वारसाला मिळवायचे असतील तर खेपा मोजत नाहीत, घरातला एखादा बेकार मुलगा त्या कामावर कायमचा नेमतात. प्रत्येक खेपेला ऑटोचं भाडं आणि एक रोज बुडतो. वेचणीच्या दिवसांत तर रोजही मोठा. शाखेने एक क्लार्क वाचवला, आणि गावाने त्याबदल्यात वर्षभर किती रोज घातले याचा हिशेब कोणत्याही एक्सेलमध्ये नाही. तो लावला तर माणशी १३ कोटी ३३ लाखांचं काय होतं ते पाहायला मला आवडेल. ही 'बचत' फक्त काउंटरच्या आतून बाहेर सरकवलेली असते.

म्हणतील, बँकमित्र आहे ना, गावातच अंगठा लावा आणि पैसे घ्या. आहे. पण आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या, बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेल्या बाईचा अंगठा यंत्राला पटत नाही. मग दुसरं बोट, मग तिसरं, मग पदराने पुसून पुन्हा पहिलं. दहाही बोटं नापास झाली की ती शाखेत येते. शाखेला अशी बाई नको असते, कारण दोनशे रुपये काढायला आलेली बाई माणशी व्यवसायात शून्य आणि रांगेत एक. मोठ्या साहेबांचं स्वप्न असं, की सगळे व्यवहार फोनवर व्हावेत आणि शाखेत कोणीही येऊ नये. आमच्या बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "मंग पंखा कोणासाठी लावला?"

आणि काही शाखा खरंच चांगल्या असतात, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. २०१८ च्या मे महिन्यात राज्य सरकारच्या रयतु बंधू योजनेचे धनादेश आले, एकरी चार हजार. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचा छापील धनादेश, आणि वटवायला सगळं मंडल एकाच वेळी बँकेत. तेव्हा आमच्या शाखेतला कॅशियर टेबल बाहेर पिंपळाखाली मांडून बसला होता. बाहेर टेबल मांडायला कोणत्या परिपत्रकाची परवानगी लागते ते त्याने विचारलं नाही. माठ भरून ठेवला होता. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे तो स्वतः धरून उमटवत होता. बचत गटाच्या बायकांना तो अजून आठवतो. त्या गटांची परतफेड गावातल्या कोणत्याही मोठ्या खातेदारापेक्षा चोख असते, पण प्रत्येक बाईची रक्कम लहान, नोंदी भरपूर, वेळ फार. म्हणून साहेब त्यांना दुपारनंतर बोलावतात. तो कॅशियर सकाळी बोलावायचा. त्याच्या वार्षिक अहवालात याला किती गुण मिळाले असतील याची मला कल्पना करवत नाही. पुढल्या हंगामापासून पैसे थेट खात्यात येऊ लागले, पिंपळाखालचं टेबल आत गेलं आणि कॅशियरची बदली झाली. चांगल्या माणसाची बदली लवकर होते, हा एकच निर्देशांक आमच्याकडे गेली कित्येक वर्षं चुकलेला नाही.

मध्यंतरी वरून एक तरुण अधिकारी शाखेची कार्यक्षमता पाहायला आले. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप, शर्टाला इस्त्री. आले आणि लिंक गेली. मॅनेजर म्हणाले, येईल दहा मिनिटांत. साहेबांना केबिनमध्ये उकडू लागलं म्हणून ते बाहेर पंख्याखाली आमच्या बाकड्यावर येऊन बसले. त्यांनी शेजारच्या आजीला तेलुगूत विचारलं, इथली सेवा कशी आहे? आजीला तेलुगू नीट येत नाही. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, शर्टाच्या खिशातला पेन पाहिला आणि पिशवीतून विड्रॉल फॉर्म काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. "लिही बाबा. सातशे."

साहेबांनी लिहिलं. आजीचं संपतं न संपतं तोच पलीकडून दुसरा फॉर्म आला, मग तिसरा. कोणीतरी त्यांच्या हातात आपलं आधारकार्ड दिलं, कोणी पासबुक उघडून शिल्लक वाचायला सांगितली. एका गोंड म्हाताऱ्याने नातवाच्या शाळेतून आलेला कागद पुढे केला. त्याचा बँकेशी काही संबंध नव्हता, तोही त्यांनी वाचून दाखवला. मॅनेजर काचेतून हे पाहत होते आणि बाहेर यावं की न यावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. पाऊण तासाने लिंक आली. फॉर्म आधीच भरून तयार असल्यामुळे त्या दिवशी रांग साडेबाराला संपली, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. आजी जाताना साहेबांना म्हणाली, "रोज येत जा."

साहेबांनी अहवालात शाखेला बरे गुण दिले म्हणतात. मनुष्यबळाच्या रकान्यात मात्र तीनच लिहिलं होतं.